निळ्या रंगाखालची गाडी

रुपेशदादा, जय भीम.

जाम गावच्या चौकातल्या फौजेच्या जुन्या चिलखती गाडीवर आपल्या बाबाच्या नावाची पाटी लावाची, म्हणून तू पुण्याहून गाडी तपासणारा माणूस धाडला. काऊन धाडला रे?

सारं गाव जमलं होतं, बाबा बी होते. दर चौदा एप्रिलले आपण गाडीले निळा रंग मारतो, ते थर त्यानं खरवडले. खाली पांढरे गोल निघाले, अन् गोळ्यांची सारी भोकं त्या गोलांतच. तो म्हणाला, "ही लढाईत गेलीच नाही. सरावाला हिच्यावर नेम धरायचे. युद्धात यांनी ही चालवली, असं सांगितलं कोणी?"

आपल्याले लहानपणापासून बाबानंच सांगतलं होतं. सारे त्याईच्याकडेच पाहून राह्यले होते. मी पुढं झाली अन् म्हटलं, "मी सांगतलं. बाबा कधीच नाई बोलले." मंग लोक मले नाई नाई ते बोलले.

घरी जेवताना बाबानं मान वर न करता विचारलं, "नंदे, गावाले काऊन खोटं सांगत होती?"

मी त्याईले अजून एक भाकर वाढली.

हे पत्र आता चुलीत घालते. गावातून फोन आला, तर लोक सांगतीन तेच खरं समजजो.

तुयी खोटारडी बहीण,
नंदिनी