डाळ करपली तरच गेम चांगला

मंगफ, कुवेत

चि. योगिनीस महादेवकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी झोप, जेवण आणि तब्येत (ह्याच क्रमाने बिघडतात, असं तुझी आई म्हणते) ठीक असतील अशी आशा आहे. आमचं इथे बरं चाललंय. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करायचे आणि खोलीवर येऊन आपल्या एसीला शिव्या घालायच्या.

तू बनवलेला गेम विकत घेण्यासारखा आहे का, खरं सांगा काका, असं तू लिहिलंस. जुनी कंपनी परत बोलावतेय आणि माझ्या मतावर तिला होकार की नकार ते ठरणार म्हणे. आधीच सांगून टाकतो, तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन येऊन गेला. "टुकार आहे म्हणून लिही, म्हणजे पोरगी नोकरीवर जाईल," असा हुकूम आहे. थोरल्या भावाचा शब्द मी आजवर मोडलेला नाही, तेव्हा हे पत्र मी तुझ्या विरोधात लिहायला बसलो आहे.

तुला ह्यातलं काय कळतं, असंही दादाने विचारलं. कळतं. इथल्या रुमैथिया भागातलं एक कुटुंब कायमचं गावी परतताना आमच्या खोलीला जुना कन्सोल देऊन गेलं, तेव्हापासून मी आणि खोलीतले दोघे, अशरफ आणि जगन्नाथ, असे आम्ही छोटे, स्वस्तातले गेम घेत आलोय. सुरुवातीला चित्रं बघून फसलो (बाहेर राक्षस, आत नुसतं पळणं). मग कसोटी सापडली. आमच्यात स्वयंपाकाची पाळी असते. ज्याची पाळी तो शेगडी सोडून "जरा बघू" म्हणत आला आणि डाळ करपली, तर गेम घेण्यासारखा. डाळ नीट शिजली तर पैसे पाण्यात.

तुझ्या गेमात एक बेट, एक होडी, एक म्हातारी आणि तिची बकरी. मासे धरायचे, विकायचे. बरं चाललं होतं, तेवढ्यात गेममध्ये पाऊस लागला. अशरफ दाभोळचा, घरचे सगळे दर्यावर जाणारे. तो म्हणाला, "पावसात कोण होडी सोडतो?" मलाही पटलं. आम्ही होडी वर काढली आणि नारळी पौर्णिमेची वाट बघत बसलो. तू ठाण्यात वाढलीस, तुला वाटलं असेल की माणसं भिजत मासे धरतील. रोज ड्यूटीवरून येऊन आम्ही होडी जागेवर आहे ना ते बघायचो, जाळं खायला आलेल्या बकरीला हाकलायचो आणि कन्सोल बंद करायचो. डाळ रोज उत्तम. टुकार, असं मी मनात लिहूनही टाकलं.

मग खरी पौर्णिमा आली. तुझ्या बेटावर नारळ नाही (समुद्रातल्या बेटावर, योगिनी!), म्हणून म्हातारीकडचा भोपळा पाण्यात सोडला आणि होडी लोटली. अशरफ इथे कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फातले मासे उचलतो. आल्यापासून त्याने गावच्या होड्या सुटताना पाहिलेल्या नाहीत. तो उभा राहून खेळत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मलाही घरची फार आठवण आली. जगन्नाथ पळी घेऊन दारात आला, तो तिथेच उभा राहिला.

असो. पाऊस फार, करायला काही नाही, नारळ नाही. दादाला सांग, काकाने टुकार म्हटलंय.

तुझा,
महादेवकाका

ता. क. त्या दिवशी आम्ही खाली जाऊन खुबूस (इथली रोटी) आणून खाल्ला. डाळ पातेल्यासकट टाकावी लागली.

आणखी एक. गेमात नारळ घाल. अशरफने हात जोडून सांगितलंय.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दादाचा पुन्हा फोन आला. "लिहिलंस का?" लिहिलं, म्हटलं. मग आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "काय रे, होडी वर काढल्यावर ती बकरी जाळ्यापासून लांब कशी ठेवायची?" बकरीचं मी त्याला अवाक्षर सांगितलेलं नाही. कंपनीला नाही म्हणून कळव.