चारशे पुंगळ्या आणि एक एल्क

२ सप्टेंबर
कोरीनचा स्पोकेनहून फोन. एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणांच्या, शिकारीच्या सीझनला येतेय. सहा वर्षांनी! काहीतरी विचारायचंय म्हणे, पण डोंगरात, निवांत.
निर्णय : यंदा दुकानाची काडतुसं बंद. गॅरेजमध्ये वापरलेल्या चारशे पितळी पुंगळ्या पडून आहेत. साफ करून घरीच भरणार. बाप काय चीज आहे ते कळू दे पोरीला. एका वीकएंडचं काम.

३ सप्टें.
पुंगळ्या घासायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणला. काउंटरवरच्या बाईने सवयीने काडतुसांची पेटी पुढे केली. तिला म्हटलं, या दुकानातून पुन्हा काडतूस घेतलं तर नाव बदलीन. ऐकायला सात-आठ जण होते. बरं झालं.

९ सप्टें.
टम्बलर, म्हणजे पुंगळ्या भुग्यात घोळवून घासणारं यंत्र, तीन दिवस अखंड घरघरतोय. शेजारचा आर्विड कुंपणावरून म्हणाला, "एल्क काय तोंड बघणारेय का त्यात? वीस भर लेका, आणि सुट."
वीस! सगळ्या चारशे एकसारख्या झाल्याशिवाय एकही भरणार नाही. शिस्त म्हणून काही असते. मोंटानात ती आता फक्त माझ्याकडे उरलीय.

२१ सप्टें.
भुगा पुंगळ्यांच्या बुडाच्या भोकांत अडकलाय. टाचणीने काढतोय. दिवसाला तीस होतात. पाठ गेली.

३० सप्टें.
मूळ मापात आणण्यासाठी दाबताना पहिलीच पुंगळी साच्यात रुतली. आर्विडच्या मते मी वंगण लावायला विसरलो. माझ्या मते साचा हलका. तीन दिवस हातोडी. शेवटी साचाच नवा मागवला. आठ दिवस लागतील. ठीक. घाई कुणाला आहे?

६ ऑक्टो.
तोवर सगळ्या पुन्हा पाण्याने धुतल्या. साठ ओव्हनमध्ये वाळत घातल्या. तेवढ्यात कोरीनचा फोन. पितळाच्या लांबीचं महत्त्व तिला नीट समजावलं. ती मध्ये दोनदा काहीतरी म्हणू बघत होती, पण विषय अर्धवट राहिला असता.
साठच्या साठ तापून जांभळ्या. असं पितळ मऊ होतं, बार उडवताना तोंडावर फुटायचं. फेकल्या. ओव्हन जुना आहे.

१९ ऑक्टो.
मापाला आल्या. आता तोंडं कापून लांबी सारखी करायची. हाताने. आठवडा पुरे. उद्या जोमाने.

२२ ऑक्टो.
गुडघा. शिवाय बारूद आणायला गेलो तर संपलेली. पुढच्या महिन्यात येईल म्हणाली बाई. हसली असावी.

२५ ऑक्टो. रात्री.
कोरीन आली. बारीक झालीय. पुंगळ्या दाखवल्या. छान आहेत म्हणाली. मग तिने विचारलं, भरलेल्या कुठेत? म्हटलं, तो शेवटचा टप्पा, किरकोळ. माझ्यासाठी दुकानातून पेटी आणते म्हणाली. नको म्हटलं. मग म्हणाली, "रायफल राहू दे घरी. नुसता बरोबर चल, डॅड."
बिनकाडतुसाचा म्हातारा पोरीच्या मागे डोंगर चढणार? आर्विडने गावभर केलं असतं. नाही म्हणालो.

२६ ऑक्टो.
ती पहाटे आर्विडबरोबर शिकारीला गेली. मी पस्तीस कापल्या. विक्रम.

२७ ऑक्टो.
कोरीन नाश्ता करून निघाली. ती गाडीत बसताना मी विचारलं, काय विचारायचं होतं? म्हणाली, "राहू दे. तुझं काम चाललंय." मला घट्ट धरून ठेवलं होतं जरा वेळ. आठ तासांचा रस्ता आहे तिला.

२८ ऑक्टो.
आर्विड मांस द्यायला आला. कोरीनने मोठा नर पाडला. मग बूट बघत म्हणाला, "अलास्काचं वाईट वाटतं रे." कोरीन जानेवारीत कायमची चाललीय. तिथे घर घेतलंय, त्यात एक खोली माझ्यासाठी. येशील का, हे तिला विचारायचं होतं. कड्यावर बसून सांगितलं तिने त्याला. बाप इथे रमलाय, त्याला कशाला हलवू, म्हणाली.
मी म्हटलं, मला माहीत होतं.
तो गेल्यावर गॅरेजमध्ये बसलो. फार वाईट वाटलं. इतकं, की कापलेल्या पुन्हा घासायला लावलेला टम्बलर बंद केला.
तिला फोन करायला हवा. करणारच आहे. एवढ्या दीडशे कापून झाल्या की लगेच.