डाव्या हाताची खोड

बाबा,
साष्टांग नमस्कार, पण रागातच.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा. काल वर्गासमोर पियानो वाजवताना लांबवलेला सूर विरायला लागला आणि माझा डावा हात पट्ट्या सोडून पेटीचा भाता शोधायला गेला! सगळे खो खो हसले. बाई म्हणाल्या, "हा हात मेलेलाच आहे." आता महिनाभर फक्त डाव्यानेच सराव.

बारा वर्षं पेटी शिकवलीत आणि त्याला नुसतं भात्याला जुंपलंत! एखादा सूर त्याच्याही वाट्याला द्यायला काय झालं होतं?

तुमचा खांदा अजून दुखतो का? मग एकट्याने पेटी उघडू नका. मी आले की तुम्ही वाजवा, भाता मी मारेन. या मेल्या हाताला तेवढंच तर येतं.

तुमच्यावर चिडलेली,
धाकटी