'कानोसा'ला माझे दोन स्टार

५ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. सातवी शिकलेल्या माणसाने दुकान उभं केलं, त्याचे विचार कुठेतरी राहिले पाहिजेत. दारव्ह्यात 'आडे मोटार वायंडिंग' म्हटलं की ऑटोवाला न विचारता आणून सोडतो. कान असे की शेताच्या धुऱ्यावर उभा राहून विहिरीतल्या मोटारीचं दुखणं सांगतो.
पहिला ठराव : दुकानातल्या टेबल फॅनचा बुश बदलणे. वार्निश वाळवायला तो बारमाही चालतो. बायको, शीला, तीन वर्षांपासून म्हणते, लोकांचे फॅन नीट करता, आपला खरखरते. मला तर काही ऐकू येत नाही. तरी बदलतो. शनिवारी.

८ फेब्रुवारी
लेक जयाला दवाखान्यातल्या नोकरीतून दोन दिवसांची सुटी. यवतमाळहून आली आणि आल्या आल्या माझ्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला. नाव 'कानोसा'. पुण्यात प्रेमच्या कंपनीने काढला. सुपरहिरोचा आहे, पण सगळा गोष्टीवर चालतो. गोष्ट आपल्या प्रेमने लिहिलेली.
त्याने बहिणीजवळ निरोप दिला म्हणे : "आपल्या बाले एकदा खेळाले लाव. मग होळीले येतो का नाही ते सांगतो."
पोरगा तीन होळ्या आला नाही. तांड्यावर विचारतात, तर मी सांगतो, कामाचा माणूस आहे.
निरोपाचा अर्थ उघड आहे. पुण्यातले लोक तोंडावर गोड बोलतात. त्याला जाणकाराचं मत पाहिजे.

११ फेब्रुवारी, दुपारी, लाइट नसताना
गेम लावला. हिरोला दहा कोसांवरचं ऐकू येतं. उडता येत नाही. सुपरहिरो असून एसटीने फिरतो. नोंद केली.
त्याचा बाप घड्याळं दुरुस्त करतो. मारामाऱ्या बऱ्या आहेत. बोलणं फार आहे. सुदैवाने कोपऱ्यात Skip आहे.

१५ फेब्रुवारी
कालचा शनिवार गव्हाच्या शेवटच्या पाण्यात गेला. जळलेल्या मोटारींची रांग. फॅन पुढच्या शनिवारी.
लोकांची मतं वाचली. एकाने लिहिलं, व्हिलन पुचाट आहे, मधला भाग रटाळ आहे, पण बापाच्या सीनला गेम थांबवून घरी फोन केला. कोल्हापूरच्या एका बाईने बापासाठी एक स्टार जास्त दिला. हळवे लोक.
म्हणून तो सीन मागे जाऊन पाहिला. पोरगा धावत येतो, सांगतो की मला अख्खं शहर ऐकू येतं. बाप डोळ्यावरचं भिंगही न काढता म्हणतो, "त्यानं घड्याळ चालते काय?"
कोणता बाप असं बोलेल? शीलाला ऐकवलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि दाळ निवडायला ओसरीत जाऊन बसली.
यावरून आठवलं. प्रेम बारावीत असताना त्याच्या कथेचा जिल्ह्यात पहिला नंबर आला होता. दुकानात येऊन अख्खी वाचून दाखवली. मी कॉइल भरता भरता ऐकली आणि हसत म्हटलं, "तिच्यानं पंप चालते काय?" गंमत केली. त्यालाही आवडली असावी. नंतर कधी काही वाचून दाखवायचा त्रास दिला नाही त्याने.

२२ फेब्रुवारी
गेम संपवला. शेवटी पोरगा गाव सोडून एसटीत बसतो. पुढे बोलणं होतं, लांबलचक. Skip.
फॅन राहिला. ग्राहकाचं काम आधी, हा माझा नियम.

२३ फेब्रुवारी
मत टाकलं. आपल्या धंद्यात मशीन आली की चांगल्या भागावर बोलत नाहीत. बिघाड सांगायचा, उपाय सांगायचा. त्यातच मान असतो.
जया फोनवर म्हणाली, "बा, त्याले फोनच करा. एवढंच म्हणा का खेळलो." मी म्हटलं, अर्धं काम आपल्याकडून होत नाही. आधी दुकानाच्या जॉबकार्डावर लिहून घेतलं :
बिघाड एक – घड्याळाच्या दुकानात सारखा फॅनचा आवाज. खर्र, खर्र, टक्. बुश गेलेला. ज्याला फॅन नीट करता येत नाही तो घड्याळं काय करणार?
बिघाड दोन – बाप. पोराशी असं कोणी बोलत नाही. उपाय : बाप बदलावा.
दोन स्टार. दुकानाच्या नावानेच टाकलं. किती कान देऊन ऐकलं ते प्रेमला कळेल.
पोरगा पाण्याच्या टाकीवर लपतो, तिथे त्याचा श्वास असा ऐकू येतो की मीच दम रोखून बसलो होतो. ते लिहिलं नाही. चालणाऱ्या भागाबद्दल काय लिहायचं?

२६ फेब्रुवारी
माझ्या मताखाली कंपनीचं उत्तर आलं.
"नमस्कार. आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. बाप बदलून पाहिला होता. खोटा वाटला. फॅनचा आवाज तरी तुम्हाला ओळखू येईल, असं वाटलं होतं. – कथा विभाग, कानोसा."
कोणता फॅन? ऑफिसातल्या लोकांना सरळ लिहिता येत नाही.
चारदा वाचलं.

१ मार्च, रविवार
जया आली ती सरळ दुकानात. मला स्टुलावर बसवलं आणि शेवटचा भाग लावून दिला. Skip कडे जाणारा माझा अंगठा धरून ठेवला.
एसटी दहा कोस लांब गेलेली. पोरगा खिडकीला डोकं टेकून बसलेला. त्याला तिथून ऐकू येतं, बाप रिकाम्या दुकानात घड्याळाशी बोलतो आहे : "पोट्टा सांगे ते सारं आयकलं मी. चांगलं होतं. त्याले सांगाचं राह्यलं."
मी म्हटलं, हे आधी का नाही दाखवलं? जयाने हात लांबवून दुकानातला फॅन बंद केला.
मोबाइलमध्ये फॅन चालूच होता. खर्र, खर्र, टक्.
तीन वर्षांपूर्वी, जायच्या आदल्या दिवशी, प्रेम याच स्टुलावर मोबाइल फॅनसमोर धरून बसला होता. मी म्हटलं होतं, तो ठेव अन् तार धर.
मोटारीसुद्धा मी चालणारा भाग ऐकूनच ओळखतो. सांगत नाही एवढंच.

५ मार्च, दुपारी
होळी झाली. तांड्यावर लेंगीची गाणी अजून चालू आहेत, इथपर्यंत ऐकू येतात. प्रेम आला नाही. काम आहे, असं जयाला कळवलं. मला नाही.
काल त्याला बोलून पाठवायला मोबाइल तोंडाजवळ धरला. 'प्रेम' एवढं म्हटलं. पुढचं येईना. तसाच फॅनसमोर धरला. चाळीस सेकंद. पाठवलं.
मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. अजून उत्तर नाही.
स्टार बदलायला गेलो. पाच केले. जुनं मत खोडलं, नवीन सुचलं नाही.
शीलाने बाजारातून स्वतःच बुश आणून दिला. गल्ल्यात ठेवला आहे.
ठराव : बसवायचा नाही. एवढा एक तरी पाळला जाईल.