उसन्या फेऱ्या

अंधेरी (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. सुनंदाताईस,
सा. न. वि. वि.

तुला ऐकू येत नाही म्हणून फोनचा उपयोग नाही, आणि मुलुंडपर्यंत येणं मला सध्या जमत नाही. तेव्हा हे पत्र. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून तीन महिने झाले. मी बरा आहे. आजूबाजूचे लोक मात्र बरे नाहीत.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते की रोज चाळीस मिनिटं चाला, मीठ कमी करा आणि चार माणसांत राहा. हे शेवटचं शुभाने सोसायटीत सांगितलं आणि माझी वाट लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या मिहिरने लगेच 'हृदयमित्र मंडळ' काढलं. वय वर्षं एकतीस, आणि मला हृदय म्हणजे काय ते शिकवतो. केशरी टी-शर्ट छापलेत. छातीवर हृदयाचं चित्र आहे, तेही उजवीकडे! रोज सकाळी सहाला ही वरात मागच्या मैदानात फेऱ्या घालते. शेवटी गंधालीबाई सगळ्यांना हात वर करून हसायला लावतात. विनोद नाही, काही नाही, नुसतं हसायचं. माणिकराव दिसेल त्याची नाडी धरतात. आयुष्यभर त्यांनी टाइपरायटर दुरुस्त केले. आणि दुधीचा रस इतक्या घरांतून येतो की बाजारात दुधी उरला नसेल.

प्रत्येकाने फोनवर मोजलेली पावलं रोज ग्रुपवर टाकायची, असा नियम आहे. चाळीस वर्षं विमा कंपनीत मी मृत्यूचे दावे तपासले, खोटं बोलणाऱ्यांना नुसत्या कागदावरून पकडलं. आता हे लोक माझी पावलं तपासणार. शुभा खूश आहे, म्हणून जातो.

तुझा लोभ आहेच. तो दुधीच्या रूपात पाठवू नकोस, ही विनंती.

तुझा,
विद्याधर


मुलुंड,
१८ जानेवारी २०२५

चि. विद्याधरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. जीभ शाबूत आहे, म्हणजे जीवही शाबूत असावा. गोवर आला होता तेव्हाही तू औषध देणाऱ्या वैद्यांच्या मिशांना नावं ठेवत होतास.

सगळ्यांनी मिळून खोटं खोटं हसायचं, हा प्रकार मलाही बावळटपणाचाच वाटतो. पण विद्या, आपले थोरले अण्णा आठव. छातीत दुखायला लागलं तेव्हा पित्त, पित्त म्हणत सोडा पीत बसले. शेजारची चार माणसं विचारायला आली, तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. आता आपण दोघंच उरलोय. तू गेलास तर माझ्याशी भांडायला कोण राहील? तेव्हा मुकाट्याने चाल. टी-शर्ट घालावा लागला तर तोही घाल.

आशीर्वाद हवे तितके घे, अक्कल मात्र तुझी तू आण.

तुझी,
ताई


अंधेरी (पूर्व),
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ रोज आठ हजार पावलं चालतो. मंडळाने मला 'महिन्याचा मानकरी' ठरवून नारळ आणि शाल दिली. लोकरीची शाल, अंधेरीत! डॉक्टरांनी फोनवरचे आकडे पाहिले, धाप लागत नाही ना विचारलं. मी नाही म्हटलं. उत्तम, पुढची तपासणी सहा महिन्यांनी, म्हणाले.

मैदानातला तमाशा तू एकदा बघायला हवास. मिहिर येतो तो फोनवर बोलत, पुढच्या फेरीला येतो तेव्हाही तेच बोलणं. गंधालीबाईंची टिकली तिसऱ्या फेरीपर्यंत घसरून भुवईवर आलेली असते. माणिकराव तोंडाचा आ करून येतात. वर्सोव्याच्या बाजारात टोपलीतला बांगडा तसा दिसतो. त्यातल्या त्यात सहदेव बरा. हा मागच्या गल्लीतल्या चाळीत राहतो, कणकवलीकडचा आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यात पत्रे कापण्यात त्याचा जन्म गेला. तो बोलत नाही, एवढा एक गुण मला पुरतो.

लोभ वाढवावा, उपदेश आवरावा.

तुझा,
विद्याधर


मुलुंड,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधरास,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. छत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत मी; कॉपी केलेला पेपर मला वासावरून कळतो. सगळ्यांबरोबर चालणाऱ्या माणसाला पुढच्यांच्या पाठी दिसतात. तुला सगळ्यांची तोंडं दिसतात, टिकलीसकट, आणि तीही पुन्हा पुन्हा समोरून येताना. म्हणजे तू एका जागी बसलेला आहेस. मग आठ हजार पावलं कोण चालतंय? तुझा फोन कुणाच्या खिशात असतो?

बायकोला फसवलंस, डॉक्टरांना फसवलंस. जन्मभर दुसऱ्यांचे खोटे दावे पकडणाऱ्याने स्वतःच्या जिवाचा खोटा दावा करावा! लाज वाटते मला. खरं काय ते लिही. नाहीतर पुढचं पत्र शुभाला जाईल.

लोभ सध्या राखून ठेवला आहे.

ताई


अंधेरी (पूर्व),
२ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. मी पहाटेच येऊन माझं चालणं उरकतो, असं मंडळाला सांगितलंय, आणि ते शहाणे विश्वास ठेवतात. फोन सहदेवच्या खिशात असतो. मंडळ पांगलं की तो माझ्या वाटच्या फेऱ्या घालतो. आधी तयार नव्हता. मी म्हटलं, तुमच्याकडे घरात कुणी आजारी पडलं की त्याच्यासाठी दुसरा कुणी देवळाला प्रदक्षिणा घालतो ना, तसंच समज. गडी पटला! इतका भोळा माणूस मी आजवर पाहिला नाही.

आता खरं ते लिहितो. मी आळशी नाही. पन्नासेक पावलं चाललो की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं आणि जबड्यात कळ येते. बसलो की जातं. हे सांगितलं तर मला पुन्हा टेबलावर घेतील, या वेळी छाती उघडतील. ताई, मला भीती वाटते. हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. वाचून झालं की हे पत्र जाळून टाक.

लोभ राखून ठेवू नकोस, मला आत्ता हवा आहे.

तुझा,
विद्याधर


अंधेरी (पूर्व),
१६ मार्च २०२५

ती. सुनंदाताईंना,
सा. न. वि. वि.

नीट पोहोचलात ना? कान गेल्यापासून चार वर्षं तुम्ही मुलुंडबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी दारात एकट्याच उभ्या दिसलात. बसचा नंबर लोकांना कागदावर लिहून विचारत आलात, हे मागाहून कळलं. चहासुद्धा न घेता तुम्ही ह्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलंत आणि ह्यांचं पत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलंत. डॉक्टरांनी ते वाचलं आणि ह्यांना घरी सोडलंच नाही. दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या. आणखी पंधरा दिवसही गेले नसते, म्हणाले.

नवव्या तारखेला बायपास झाली. मिहिरने रक्त दिलं. गंधालीबाई आणि माणिकराव पाळीपाळीने दवाखान्यात बसतात आणि हे खाटेवरून त्यांची टिंगल करतात. मी ह्यांच्याशी अजून धड बोललेले नाही. सगळा राग त्या सहदेववर काढला. माझ्या कुंकवावर उठलास, असं त्याला फाटकाशी चारचौघांत बोलले. तो मान खाली घालून निघून गेला.

तुमची माया अशीच राहू द्या. ह्यांचे कान तुम्हीच उपटू शकता.

तुमची,
शुभा


अंधेरी (पूर्व),
२७ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छाती शिवून सात आठवडे झाले. मंडळ रोज घरी येतं. आधी मला घरातल्या घरात फिरवत, आता खाली आवारात नेतात. टाके दुखतात, हसणार नाही म्हटलं, तर गंधालीबाईंनी मनातल्या मनात हसायला सांगितलं. मूर्ख माणसं आहेत. पण एक दिवस चुकवत नाहीत.

सहदेव मात्र आला नाही. शुभा त्याला बोलल्यापासून तो घराबाहेरच पडत नाही, असं कळलं. शुभा आता हळहळते, पण जायचं मलाच होतं. काल एकटा निघालो. गल्ली ती केवढीशी, तरी तीनदा थांबलो.

दार त्याच्या बायकोने, जानकीने उघडलं. सहदेव भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझं चुकलं, म्हणालो. हे शब्द मी जन्मात वापरले नसतील, तोंडातून धड बाहेर येईनात. तर तो उठून मलाच हात जोडायला लागला. म्हणाला, त्याच्याच हातून काहीतरी कमी पडलं असणार, म्हणून फेऱ्या मला पावल्या नाहीत.

मला काही कळेना. मग जानकी बोलली, आणि चांगली खडसावून बोलली. स्वतःच्या फेऱ्या तो बूट घालून घालायचा. माझ्या सुरू करायच्या आधी बूट फाटकाशी काढून ठेवायचा, कारण प्रदक्षिणा अनवाणी घालतात. त्या संपेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. खडी आणि काचांतून दीड महिना असा चालला. मी बाकावर बसून सगळ्यांची तोंडं न्याहाळत होतो. त्याचे पाय मला एकदाही दिसले नाहीत. तिने त्याचं पाऊल धरून मला तळवा दाखवला. टाच फाटली होती, एक जखम अजून भरायची आहे.

टाक्यांमुळे मला अजून वाकता येत नाही, ताई. नाहीतर काल मी त्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

लायकी नसली तरी लोभ असू दे.

तुझा,
विद्याधर