देवळीतली पऱ्हाटी

कार्तिक वद्य ५, गुरुवार. शके १८५८. परभणी.

आमचीच ओसरी का म्हणून! मोंढ्याच्या बाजारात दहा घरं आहेत, कुणाला विचारलं नाही. आमच्या ह्यांनी परस्पर हो म्हणून टाकलं. जपानी साहेब आमचा कापूस घेतो, तर त्याची बायको दर गुरुवारी बायांना फुलं मांडायला शिकवणार — आमच्या ओसरीत! फुलं मांडायला शिकायचं? मी जन्मभर काय केलं मग?

म्हणलं, "मला इचारलं का?" तर म्हणतात, "गौरा, पाहुणी हाय. जरा हसून बोल." हसते! परसातली शेवंती मी वाढवली, पाणी मी शेंदलं. कात्री ती चालवणार.

आली. फुमीबाई नाव. ठेंगणी, पांढरे मोजे. उंबऱ्याबाहेर जोडे काढले, नीट जुळवून ठेवले. तेवढं आवडलं. मुंबईला दोन वर्षं राहून मोडकीतोडकी हिंदुस्थानी शिकली आहे. मी तिच्या वाडग्यात परडीभर शेवंती कोंबली. तिनं एक एक काढली. "भोत है. कम करो." काढत काढत एकच ठेवली! मग परसात गेली, जाळायला रचलेल्या कापसाच्या पऱ्हाटीतली एक काडी घेऊन आली. वाळलेली, दोन बोंडं फुटलेली. ती शेवंतीशेजारी उभी केली. झालं म्हणे!

आमी पाचजणी एकमेकींकडं बघायलो. शेजारची कडूबाई म्हणली, "आता चुलीत काय फुलं घालायची का?" सगळ्या फुटल्या. फुमीबाईला काही कळलं नाही, पण तीही हसली.

कार्तिक वद्य ६, शुक्रवार.

वाडगा तिनं ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला आहे. जाता-येता नजर जाते. कामं पडलेत इथं!

कार्तिक वद्य १२, गुरुवार.

महानंदा बोलली.

माझी लेक. विसावं चालू आहे. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. आम्हा लिंगायतांत विधवेला फुलाची बंदी नाही, असं मठात सांगतात. तोंडानं. पेडगावला तिच्या सासूनं तिला शेवंतीच्या वाफ्याजवळ फिरकू दिलं नाही. मी घेऊन आले. तेव्हापासून पोर जात्यामागं बसते. काही विचारा — हो. न्हाई. संपलं.

आजही मागंच बसली होती. फुमीबाईनं कुणाला न विचारता तिच्या हातात कात्री दिली. महानंदानं देठ धरला, लय वेळ नुसता धरून बसली. मग कापला. आणि विचारते, "तिरपं का कापायचं?" आपल्या तोंडानं!

फुमीबाई म्हणली, "पानी जादा पीता है."

जेवताना बापाला सगळं सांगत होती. तिरपं, उंच काडी, मग मधली, मग बुटकी. हे भाकरी हातात धरून ऐकायले. मला डोळ्यात धूर गेला म्हणावं लागलं.

मार्गशीर्ष शुद्ध १, सोमवार.

सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा केली. उठले तर समोर देवळीतलं ते. इतक्या निगुतीनं मांडलेलं, एकटं, कोनाड्यात — म्हणजे त्यांचं दैवतच असणार की! इतके दिवस कळलं कसं नाही? घरी आलेल्या देवाला उपाशी ठेवायचं का? काडीला तीन बोटं इभूत लावली. दूधसाखर ठेवली. कडूबाईनं पाहिलं, तिनं गूळ आणला. दुपारपर्यंत आठ बाया येऊन गेल्या. बोंडाचा कापूस प्रसाद म्हणून नेला, शेवंतीची पाकळी पाकळी नेली.

मार्गशीर्ष शुद्ध ४, गुरुवार.

फुमीबाईनं देवळीत पाहिलं. नुसती काडी, तिला इभूत. म्हणलं, "पूजा किया." तोंडावर हात धरून हसली, डोळ्यात पाणी येईतोवर. "भगवान नै. फूल है. फूलच है."

तेवढ्यात थोरले भाऊजी आले. मन्मथअप्पा. मठात त्यांचा शब्द चालतो. दारातूनच सुरू — "गळ्यात लिंग हाय आन् परक्या देवाला इभूत? ह्या बाईनं घरात देव बसवला! शिकवणी बंद!"

ह्या बाईनं. तिच्यावर आळ. आणि मी, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती गप उभी राहिले. फुमीबाई जोडे घालून गेली. महानंदा जात्यामागं जाऊन बसली.

मार्गशीर्ष शुद्ध ५, शुक्रवार.

हो. न्हाई. एवढंच.

मार्गशीर्ष शुद्ध ७, रविवार.

मठात गेले. चार पंच बसलेले. उभ्यानंच सांगून टाकलं, "इभूत मी लावली. ती बाई म्हणते देव न्हाई, फूल हाय."

भाऊजी म्हणले, "तू? एवढी शहाणी तू?"

"शहाणी असते तर आधी तिला इचारलं नसतं का?"

पंचांतले म्हातारे सांबप्पा पोट धरून हसले. "मन्मथ, तुझ्या भावजयीनं पऱ्हाटीला दूध पाजलं!" मग भाऊजींनाही हसू आवरेना. शेवटी म्हणले, "बसा गुरुवारी. पण देवळीत ठेवू नका. पाटावर ठेवा."

गावभर हसतील. हसू द्या.

मार्गशीर्ष शुद्ध ११, गुरुवार.

बारा बाया! भाऊजींची सूनही आली, पदर पुढं ओढून. जसं काही कुणी ओळखणारच नाही!

शेवटी फुमीबाईनं सांगितलं — साहेबाला परत बोलावलंय. मंगळवारी निघणार. कात्री महानंदाच्या मांडीवर ठेवली. "अब तुम सिखाव."

मार्गशीर्ष शुद्ध १२, शुक्रवार.

महानंदा सकाळी म्हणली, "आई, मी शिकवते. पण आपल्या ओसरीत न्हाई, मठाच्या ओसरीत. इथं बसले तर तुझी विधवा लेक. तिथं बसले तर मास्तरीण."

तशीच उठून भाऊजींकडं गेले. ते म्हणले, "बघू. असं कधी झालं न्हाई. पंचांना इचारू सवडीनं."

म्हणलं, "सवड कुणाला हाय? सोमवारी पौर्णिमा, सगळे पंच मठात असतेत. महानंदाला ओसरी देणार का न्हाई — सोमवारी सांगा. मंगळवारी फुमीबाईची गाडी हाय. टेसनावर मला तिला सांगायचंय, हो का न्हाई ते."