कडेचे पिक्सेल

सोमवार, ५
लागले एकदाची कामाला! नव्या गावात पाय ठेवून आठवडा झाला नाही तोच फोटो स्टुडिओत नोकरी. दुकान चिंचोळं, पण खुर्ची मऊ आणि संगणक नवाकोरा. मालक वयाने बाबांएवढे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते. काम सोपं: फोटोतल्या माणसामागचं सगळं काढायचं आणि गिऱ्हाईक सांगेल ते लावायचं. सध्या ताईकडेच राहते. ती म्हणाली, खोडाखोडीचाही पगार मिळतो होय!

मंगळवार, ६
काकांनी शेजारी बसून शिकवलं. खरी मेख कडेला असते. केसांच्या, खांद्यांच्या कडेचे पिक्सेल धड माणसाचे नसतात, धड भिंतीचे. अर्धे दिसतात, अर्धे आरपार. ते तसेच ठेवायचे, नाहीतर माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो. या खुर्चीवर आधी काकू बसायच्या, त्यांचा हात बसला होता म्हणे. आता नाहीत एवढंच म्हणाले. पुढे विचारवेना.

गुरुवार, ८
आज विचित्रच झालं. एका मुलीच्या फोटोतली भिंत उडवली आणि रिकामा भाग निवडला. निवडलेल्या भागाला तुटक रेघ येते, मुंग्यांसारखी चालत राहते. ती मुलीभोवती फिरली ते ठीक. पण शेजारच्या मोकळ्या जागेतही तिने एक गोल घेतला, मग खाली दोन उतार. डोकं आणि खांदे. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. दुसरा फोटो उघडला. त्यातही तेच.

शुक्रवार, ९
राहवेना. ती जागा गडद करत नेली. बाई आहे. तळवे पुढे, काचेला टेकावेत तसे. काकांना दाखवलं. घाबरतील वाटलं, पण ते खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावरून हात फिरवत राहिले. काकूच त्या. स्वतःचा फोटो कापता कापता दिसेनाशा झाल्या, म्हणाले. आणखी वर आण म्हणून विनवत होते. मलाही भरून आलं. दिवसभर तेच केलं. जाताना त्यांनी ओळखपत्रासाठी माझा फोटो काढला.

शनिवार, १०
काकू आता स्पष्ट. पापण्या हलतात.
हात धुताना बोटांच्या कडांतून बेसिन दिसलं. साबण असेल. चहावाला एकच कप ठेवून गेला. काकू जेवढ्या वर येतात तेवढी मी— काकांना म्हटलं, आता पुरे. ते माझ्या खांद्याच्या कडेकडे बघत होते. हळूच म्हणाले, "थोडीच राहिलीये."
बाहेर निघाले. काचेचं दार ढकललं, हललं नाही. कुलूप नव्हतं. माझ्या हातालाच जोर—

रविवार
रात्र इथेच. फोनला माझं बोट कळत नाही. पेन दोन्ही हातांनी.
पडद्यावर माझा फोटो. मागची भिंत काढलेली. कड अर्धी ठेवलेली, नीट. काकांनी—
माउस हलत नाही
खुर्चीवर काकू. काका त्यांना पाणी पाजताहेत

ताई आली! मला शोधत. मी किती हाका मारल्या तिला. काकू नीट बोलतात, मान मात्र अजून वळत नाही. म्हणाल्या, "अशी कोणी नाही इथे."
ताई समोर. तिचा श्वास लागतोय मला. बाही धरली— धरली गेली नाही— निघाली ती
ताई, भिंतीपाशी बघ, खाली, वही तरी दिसेल, तुझ्या पायाशीच आ